न पडलेल्याचें ऋण

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाला ख्रिस्ती धर्माची थोडीबहुत माहिती असते, आणि हीच त्याची मोठी अडचण होऊन बसते. मुळींच माहिती नसणारा निदान विचारतो तरी. थोडी असणारा विचारीत नाहीं. वर्ड्‌स्वर्थचें कुमारी मरियेवर एक सुनीत आहे. तें त्याच्या १८२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या धर्मेतिहासविषयक सुनीतमालेंत आढळतें. एका प्रॉटेस्टंट कवीनें रोमन पंथीयांच्या परमपूज्य मातेपुढें इतक्या मोकळ्या मनानें मान लववावी याचें मला नेहमीं कौतुक वाटे, आणि वीस-बावीस वर्षें मी तें सुनीत वर्गांत मोठ्या चवीनें शिकवीत आलों. शिकवितांना एक गोष्ट न चुकतां सांगत असें. कॅथलिक लोक ८ डिसेंबरला 'निष्कलंक गर्भसंभवा'चा सण पाळतात. मरियेला पुरुषसंगावांचून पुत्र झाला, त्या अद्भुताचा तो सण, असें माझें निरूपण असे. चार वर्षांपूर्वीं वसईकडची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर मागें थांबली आणि अत्यंत संकोचानें म्हणाली, "सर, तो सण येशूच्या जन्माचा नाहीं. मरिया स्वतः आपल्या आईच्या पोटीं आली, त्या दिवसाचा आहे. तारीखच पाहा ना. ८ डिसेंबरपासून नऊ महिने मोजले म्हणजे ८ सप्टेंबर येतो, आणि तो आम्ही मरियेचा जन्मदिवस मानतों."

मीं महिने मोजले. मुलगी म्हणाली तें बरोबर होतें. येशूच्या गर्भधारणेचा सण निराळाच आहे. तो २५ मार्चला येतो, आणि तेथून नऊ महिन्यांनीं नाताळ. हा हिशेब इतका सरळ आहे कीं एवढ्या वर्षांत तो माझ्या ध्यानांत कसा आला नाहीं याचें मला आश्चर्य वाटलें, आणि थोडी लाजहि वाटली. पुढें चौकशी केली तेव्हां कळलें कीं या चुकींत मी एकटा नाहीं. माझ्याहून अधिक शिकलेलीं माणसें, इतकेंच काय पण पुष्कळसे जन्मानें ख्रिस्ती असलेले लोकहि, हाच घोटाळा करतात. पण दुसरेहि चुकतात हें ठाऊक झाल्यानें आपली चूक लहान होत नाहीं. ज्या श्रद्धेचें आपण वर्षानुवर्षें निरूपण केलें, ती वस्तुतः काय आहे हें एकदां समजून घ्यावें, एवढ्याच हेतूनें मी या विषयांत शिरलों. बाहेर पडतांना हातीं जें लागलें त्याची मला अपेक्षा नव्हती.

प्रथम श्रद्धा काय आहे तें पाहूं. ८ डिसेंबर १८५४ रोजीं पोप नववे पायस यांनीं ती कॅथलिक धर्माचा बंधनकारक सिद्धान्त म्हणून घोषित केली. तिचा आशय असा: मानवजातीच्या पहिल्या जोडप्यानें ईश्वराची आज्ञा मोडली, त्या पतनाचा कलंक तेव्हांपासून जन्माला येणाऱ्या प्रत्येक मनुष्याला लागतो, परंतु मरियेच्या बाबतींत, ती आपल्या आईच्या उदरांत आली त्या पहिल्या क्षणापासून, ईश्वरानें खास कृपा करून व पुढें होणाऱ्या ख्रिस्ताची पुण्याई जमेस धरून, तो कलंक तिला लागूं दिला नाहीं. तिच्या आईबापांचीं नांवें योआकीम व ॲना अशीं परंपरेनें सांगितलीं जातात. तीं बायबलांत नाहींत. दुसऱ्या शतकांतील एका बायबलबाह्य ग्रंथांतून तीं आलीं आहेत. तीं दोघें सामान्य पतिपत्नी होतीं, आणि त्यांची मुलगी चारचौघांच्या मुलीसारखीच गर्भांत आली. शरीराच्या बाबतींत अद्भुत असें कांहींच घडलें नाहीं. जें घडलें तें आत्म्याच्या बाबतींत, आणि तेंहि एक न घडणें होतें. एक डाग लागायचा तो लागला नाहीं. न घडलेल्या गोष्टीचा सण पाळणारे लोक जगांत विरळाच असतील.

आमच्यापैकीं बहुतेकांचें मन मरियेपर्यंत पोंचतच नाहीं. तें त्याआधीं आदामापाशींच अडतें. आदामाच्या पतनाची कथा मराठीला नवी नव्हे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें ती ओंवीबद्ध करून सांगितली, आणि त्याचें ख्रिस्तपुराण राचोल येथें १६१६ सालीं छापून निघालें; म्हणजे ही कथा आपल्या भाषेंत चारशें वर्षें आहे. तरीहि ती आपल्याला परकी वाटते, याचें कारण तिच्यांतील न्याय आपल्या न्यायाशीं जुळत नाहीं. कर्माचा सिद्धान्त कितीहि कठोर असला तरी तो ज्याचें माप त्याच्याच पदरांत घालतो. मागच्या जन्मींचें कां होईना, पण माझें तें मीच भोगतों. आदामानें फळ खाल्लें आणि डाग मला लागला, हा कोठला हिशेब?

हा आक्षेप मलाहि बरींच वर्षें बिनतोड वाटत होता. परंतु आपण व्यवहारांत इतके शुद्ध कर्मवादी आहों काय? बापाचें कर्ज मुलानें फेडावें, हा आपल्याकडे नुसता रिवाज नव्हता, कायदा होता. धर्मशास्त्रानें तें पुत्राचें पवित्र कर्तव्य ठरविलें. इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनीं तें उचलून धरलें. आणि २००५ च्या हिंदु वारसा दुरुस्ती कायद्यानें त्यापुढील कर्जांपुरतें तें रद्द होईपर्यंत सावकाराला त्या आधारावर मुलावर दावा लावतां येत असे. बापानें जुगारांत किंवा व्यसनांत केलेलें कर्ज मात्र मुलावर येत नसे, हा त्यांतील एक मोठा मार्मिक अपवाद. सांगायचें तें हें कीं, वारशानें घर व शेत यावें आणि बोजा मात्र येऊं नये, हा आग्रह आपल्या पूर्वजांनीं कधींच धरला नव्हता.

शिवाय कॅथलिक पंडित मूळ पापाचा जो अर्थ करतात तो आपण समजतों तितका अडाणी नाहीं. आदामाचा गुन्हा माझ्या नांवावर चढविला जातो असें त्यांचें म्हणणें नाहीं. माझ्या हातून झालेलें पाप या अर्थानें तें पापच नव्हे, असें ते स्पष्ट सांगतात. वारशानें येतें तो अपराध नसून अभाव आहे. पणज्यानें मळा विकून टाकला, तर पणतू कांहीं गुन्हेगार ठरत नाहीं. पण तो भूमिहीन जन्माला येतो, आणि भूमिहीनाच्या जन्माला जीं दुःखें व जे मोह चिकटलेले असतात ते त्यालाहि चिकटतात. ईश्वराशीं जें सख्य मनुष्याला आरंभीं लाभलें होतें तें गेलें. आपण सारे त्या गेल्यानंतरच्या घरांत जन्मलों. ही कथा इतिहास म्हणून खरी मानण्याचें मला कारण दिसत नाहीं. परंतु मनुष्य कोरी पाटी घेऊन येत नाहीं, चांगलें काय तें समजल्यावरहि त्याचा पाय भलतीकडेच वळतो, आणि हा वळ त्याच्या आधींपासूनचा आहे, एवढें म्हणणें नाकारायला पन्नाशी उलटल्यावर तरी धैर्य होत नाहीं.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. जन्मजात कलंकाच्या कल्पनेला हसण्याचा अधिकार ज्या समाजाला सर्वांत कमी, तो आपला. कांहीं माणसें जन्मानेंच विटाळलेलीं व कांहीं जन्मानेंच सोंवळीं, हें आपण शेंकडों वर्षें मानलें. मानलें एवढेंच नव्हे, तर पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारांत त्याची अंमलबजावणी केली. मूळ पापाच्या सिद्धान्तांत निदान पंक्तिप्रपंच नाहीं. तेथें राजाहि डागी आणि भिकारीहि डागी. पोपहि त्यांतून सुटत नाहीं. अपवाद एकच आहे, आणि तोहि घराण्यामुळें झालेला नाहीं. हा मुद्दा वाचकांनीं जरा लक्षांत ठेवावा; मला पुढें त्याच्याकडे परत यावयाचें आहे.

आतां त्या अपवादाविषयीं. मला वाटलें होतें कीं, भाविक लोकांनीं भक्तीच्या भरांत एक स्तुति केली व ती पुढें सिद्धान्त होऊन बसली, एवढीच ही हकीकत असेल. प्रत्यक्षांत या श्रद्धेला सर्वांत कडवा विरोध झाला तो मरियेच्या थोर भक्तांकडूनच. बाराव्या शतकांत ल्याँ येथील धर्माधिकाऱ्यांनीं हा सण सुरू केला, तेव्हां क्लेअरव्होचा संत बर्नार्ड, ज्याच्याइतकें मरियेचें गुणगान त्या काळांत क्वचितच कोणीं केलें असेल, त्यानें त्यांना खरमरीत पत्र लिहिलें. मुलीचा गर्भसंभव पवित्र म्हणून सण पाळायचा, तर मग तिच्या आईबापांचा कां नाहीं? आजाआजींचा कां नाहीं? या माळेला शेवट कोठें? तेराव्या शतकांत संत थॉमस अक्विनास यानें आक्षेपाचें मर्मस्थान दाखविलें. मरियेच्या आत्म्याला पापाचा स्पर्शच झाला नसेल, तर तिला तारणाऱ्याची गरज उरली नाहीं. आणि एका जरी मनुष्याला ख्रिस्ताची गरज नसेल, तर ख्रिस्त सर्वांचा तारक कसा? पुत्राचा महिमा आईच्या स्तुतीसाठीं कमी करतां येत नाहीं. आक्षेप साधा आहे, आणि तो टाळून पुढें जातां येत नाहीं.

इंग्लंडांत हा सण त्याच्याहि आधींपासून, अकराव्या शतकांत, कांहीं मठांतून पाळला जात होता. कॅंटरबरीचा ईडमर नांवाचा एक संन्यासी होऊन गेला. त्यानें या सणाच्या समर्थनार्थ एक छोटेखानी ग्रंथ लिहिला व त्यांत चेस्टनट फळाचा दृष्टान्त दिला. फळ कांट्यांच्या कवचांत धरतें, कांट्यांतच वाढतें, पण बाहेर येतें तेव्हां त्याच्या अंगावर एकहि ओरखडा नसतो. फणस खाणाऱ्या कोंकणी माणसाला हें वेगळें समजावून द्यावयास नको. दृष्टान्त गोड आहे. पण दृष्टान्तानें थॉमसच्या आक्षेपाचें उत्तर होत नाहीं. ईश्वराला असें करतां येईल, एवढेंच त्यानें दिसतें.

उत्तर दिलें तें जॉन डन्स स्कोटस यानें. हा फ्रान्सिस्कन पंथाचा संन्यासी. ऑक्सफर्डला आणि पॅरिसला शिकविलें, व १३०८ सालीं कोलोन येथें वारला. त्याचें लिखाण इतकें क्लिष्ट कीं त्याच्या अनुयायांच्या 'डन्स' या नांवावरून इंग्रजींत मूर्खाला एक शब्द मिळाला. तत्त्वज्ञाच्या नांवाची इतकी विटंबना दुसरीकडे झाल्याचें मला आठवत नाहीं. या मनुष्यानें थॉमसचा आक्षेप मान्य केला आणि तोच उलटा फिरविला. मरियेला तारणाऱ्याची गरज होती, असें तो म्हणतो. इतकेंच नव्हे, तर तिला ती इतरांहून अधिक होती. तारण्याचे प्रकार दोन. एक, पडलेल्याला उचलणें; दुसरा, पडणाराला पडूं न देणें. यांपैकीं श्रेष्ठ कोणता? जो तारक परिपूर्ण, त्यानें निदान एका व्यक्तीच्या बाबतींत तरी परिपूर्ण तारण केलेंच असलें पाहिजे, आणि परिपूर्ण तारण म्हणजे डाग धुणें नव्हे, डाग लागूं न देणें. म्हणून मरिया ख्रिस्ताची सर्वांत कमी ऋणी नव्हे. सर्वांत अधिक ऋणी तीच.

याच मताचे लोक एक सोपें उदाहरण देतात. वाटेंत चिखलाचा खड्डा आहे. एक मनुष्य त्यांत पडतो व कोणी त्याला ओढून बाहेर काढतो. दुसरा पडणार, तोंच कोणी त्याचा हात धरतो. वांचविलें दोघांनाहि. परंतु पहिल्याच्या अंगावर चिखल असतो, म्हणून त्याला उपकाराची आठवण राहते. दुसऱ्याचे कपडे स्वच्छ असतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं लिझ्यूच्या मठांत चोविसाव्या वर्षीं वारलेली तेरेसा ही जोगीण आपल्या आत्मकथेंत याच्याहि एक पाऊल पुढें जाते. वैद्याचा मुलगा वाटेंतल्या दगडाला अडखळून पडला आणि बापानें त्याची जखम बरी केली, तर तो बापाचे आभार मानील. पण बापानें आधींच जाऊन तो दगड उचलून टाकला असेल, तर? मुलगा त्या वाटेनें मजेंत जाईल, आणि वाट सरळच होती असें समजेल.

पुढचा इतिहास मी भराभर सांगतों, कारण त्यांत विचारापेक्षां भांडणच अधिक आहे. फ्रान्सिस्कन व डोमिनिकन यांनीं या प्रश्नावर दोन शतकें एकमेकांना पाखंडी ठरविलें. १४७६ सालीं चौथे सिक्स्टस या पोपांनीं सणाला मान्यता दिली व पुढें दोन्ही पक्षांना शिवीगाळ आवरण्याची ताकीद केली. १५४६ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें मूळ पापावर ठराव केला, पण तो मरियेला लागू करण्याचा आपला हेतु नाहीं असें म्हणून प्रश्न खुला ठेवला. १७०८ सालीं सण सर्व चर्चभर सक्तीचा झाला, आणि १८५४ सालीं सिद्धान्त. त्यानंतर चार वर्षांनीं लूर्द गांवच्या बर्नाडेट नांवाच्या एका निरक्षर मुलीनें आपल्याला दिसलेल्या स्त्रीनें हेंच नांव सांगितलें असें म्हटल्यावर तें जगभर झालें. प्रॉटेस्टंटांना हा सिद्धान्त मान्य नाहीं. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चलाहि नाहीं, आणि त्यांचीं कारणें निरनिराळीं आहेत. मलाहि तो सिद्धान्त म्हणून मान्य नाहीं, हें सांगायला नकोच. पण स्कोटसचा तो एक विचार कांहीं केल्या माझ्या डोक्यांतून जाईना, आणि कां जाईना हें दोन वर्षांनीं कळलें. तें खाजगी आहे, तरी सांगतों.

आठेक वर्षांपूर्वीं एका शिक्षणसंस्थेंत पैशाच्या अपहाराची चौकशी झाली. तिघांच्या चौकशी-समितींत मी होतों. आरोपी माझा वसतिगृहांतील एके काळचा सोबती. आम्ही दोघेहि खेड्यांतले, दोघेहि सारखेच दरिद्री. एका खोलींत तीन वर्षें राहिलों होतों. बायकोच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यानें विद्यार्थ्यांच्या निधींतले चाळीस हजार रुपये वापरले होते. परत भरणार होतों असें तो म्हणाला, आणि मला वाटतें तें खरें होतें. पण हिशेब-तपासणी आधीं आली. त्यानें कांहीं लपविलें नाहीं. मीं त्याला कठोर शब्द ऐकविले. "अरे, चांगल्या घरचा माणूस उपाशी राहील, पण परक्या पैशाला हात लावणार नाहीं," असें मीं म्हटलें, आणि अहवालांतहि याच अर्थाचें एक वाक्य घातलें. त्याची नोकरी गेली. निर्णय नियमाला धरून होता. अजूनहि माझें मत तेंच आहे. पण तें वाक्य नियमांत नव्हतें.

दोन वर्षांपूर्वीं माझे मामा वारले. त्यांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या मामेभावानें मला दिल्या. त्यांत १९९० सालची एक नोंद सांपडली. त्या वर्षीं माझे वडील गांवच्या सोसायटीचे सचिव होते, आणि सोसायटीची पैशाची पेटी आमच्याच घरांत, देवघराच्या फडताळांत असे. ती पेटी मला अजून आठवते. मामांच्या अक्षरांत लिहिलें होतें: 'रु. ९,००० दाजींना. पेटी घरांत, पोराची फी, ताईचें दुखणें. मागण्याआधीं दिलेले बरे.' त्याच पानावर खालीं बैलजोडी विकल्याची नोंद होती.

माझे वडील त्या पेटीला हात लावते काय? मला ठाऊक नाहीं. कदाचित् कधींच लावते ना. पण मामांना तो प्रश्न पडला होता, आणि त्यांनीं तो माझ्या वडिलांवर उत्तर देण्याची पाळी येऊं दिली नाहीं. त्या नऊ हजारांवर आमचें घर 'चांगलें घर' राहिलें. वडील गांवांत प्रामाणिकपणाचा दाखला झाले. मी पुण्यास शिकलों, प्राध्यापक झालों, आणि चौकशी-समितीवर बसलों. माझ्या सोबत्याला असा मामा नव्हता. आमच्या दोघांतला भेद आजवर मी गुणांत शोधीत होतों. तो एका बैलजोडींत निघाला. संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथेंत म्हणतो कीं, मीं केलेलीं पापें तूं क्षमा केलींस एवढेंच नव्हे, तर जीं मीं केलीं नाहींत तीहि तुझ्याच कृपेनें केलीं नाहींत. हें पूर्वीं मीं दहा वेळां वाचलें होतें व प्रत्येक वेळीं ती एक भक्तीची अतिशयोक्ति समजून पान उलटलें होतें.

माझ्या वाक्यांत जी चूक होती ती मोठी जुनी आहे, आणि मौज अशी कीं या सणाच्या कट्टर अभिमान्यांनींच ती मोठ्या प्रमाणावर केली. पोर्तुगालच्या चौथ्या जॉन राजानें १६४६ सालीं निष्कलंक मातेला आपल्या राज्याची अधिष्ठात्री केलें; तेव्हांपासून पोर्तुगालचे राजे डोक्यावर मुकुट चढवीत नसत, असें सांगतात. स्पेनमध्यें तर या श्रद्धेचा उत्साह त्याहून दांडगा. आणि याच दोन देशांत त्याच काळीं 'रक्तशुद्धी'चे नियम जारी होते. ज्यांचे पूर्वज यहुदी किंवा मुसलमान होते, त्यांना मानाच्या जागा बंद. टोलेडो येथें १४४९ सालीं याची सुरुवात झाली, आणि पोर्तुगालांत नव्या-जुन्या ख्रिस्त्यांमधील हा कायदेशीर भेद १७७३ सालीं जाऊन मिटला. सिद्धान्त सांगत होता कीं निष्कलंकता ही कृपा आहे, ती रक्तांतून येत नाहीं. आणि तोच सिद्धान्त मुखानें घोषणारे लोक शेजाऱ्याचें रक्त तपाशीत होते.

गोव्यांत ही श्रद्धा आली ती या लोकांबरोबर. पणजीच्या टेकाडावरचें, नागमोडी पायऱ्यांचें तें पांढरें शुभ्र चर्च याच मातेचें. तेथें १५४१ सालीं प्रथम एक लहान प्रार्थनामंदिर झालें. आज त्यांत जी मोठी घंटा आहे ती जुन्या गोव्यांतील ऑगस्टिनियनांच्या पडक्या चर्चमधून आणून १८७१ सालीं तेथें बसविली. डिसेंबरच्या आठ तारखेपूर्वीं नऊ दिवस नोव्हेना चालते, आणि सणाच्या दिवशीं खालच्या रस्त्यांतून फेस्ताची जत्रा भरते. खाजें घ्यायला सगळ्या धर्मांचे लोक येतात. मीहि गतवर्षीं घेतलें. परंतु याच गोव्यांत बाटलेल्यांची जात बाटली नाहीं. अनेक गांवच्या चर्चमध्यें उत्सवाचा मान कोणाचा व धार्मिक संघांत प्रवेश कोणाला हें जातीवरून ठरे. जन्माच्या शुद्धीचा अभिमान एवढा चिवट कीं, सर्वांना सारखेंच डागी ठरविणाऱ्या धर्मांत जाऊनहि तो जिवंत राहिला. मला मात्र यावर फार बोलण्याचा अधिकार राहिलेला नाहीं. 'चांगल्या घरचा माणूस' हें त्याच वाणाचें वाक्य आहे.

यावर कोणी विचारील कीं, मग चांगुलपणाला किंमत ती काय राहिली? जिला पडूंच दिलें नाहीं तिचें न पडणें काय मोलाचें? माझ्या वडिलांचा प्रामाणिकपणा जर मामांच्या पैशाचा, तर तो वडिलांचा कसा? हा प्रश्न हलका नाहीं. कार्डिनल न्यूमननें एका जुन्या मित्राला उत्तर देतांना १८६६ च्या सुमारास दाखवून दिलें आहे कीं, हव्वा देखील निष्कलंकच उत्पन्न झाली होती. मरियेला तिच्याहून कमी कां द्यावें? पण या युक्तिवादाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. हव्वा निष्कलंक होती, आणि तरीहि पडली. म्हणजे डाग नसणें ही हमी नव्हे. ती केवळ मोकळी वाट आहे, चालणें उरतेंच. देवदूताचा निरोप आला तेव्हां मरियेला होकार द्यावा लागला. तो तिच्या वतीनें दुसऱ्या कोणाला देतां आला नसता. गंमत पाहा, त्या होकारापूर्वींच्या क्षणाचें वर्णन, सारें जग तिच्या उत्तराची वाट पाहत तिष्ठत उभें आहे असें, ज्यानें केलें तो बर्नार्डच. सणाला विरोध करणारा. वडिलांनींहि पुढें पंधरा वर्षें ती पेटी सांभाळली, आणि त्या सगळ्याच वर्षीं मामांनीं पैसे दिल्याची नोंद नाहीं.

आपल्याकडे रामानुजांच्या अनुयायांत हाच वाद निराळ्या रूपानें झाला. माकडाचें पिल्लूं आईला स्वतः घट्ट धरतें; मांजराच्या पिल्लाला आई तोंडांत धरून नेते. जीवाचें तारण कोणत्या रीतीनें होतें, यावरून वडकलै व तेंगलै असे पंथच पडले. मनुष्याच्या अनुभवांत मला दोन्ही दिसतात. पण ज्याला तोंडांत धरून नेलें त्यानें आपण झाडावर चढून आलों असें सांगूं नये.

एका प्रश्नाचें उत्तर मात्र मला पंडितांकडून मिळालें नाहीं. ईश्वराला एकीला वांचवितां आलें, तर सगळ्यांना कां नाहीं? जिच्या पोटीं तारक यावयाचा तिच्यासाठीं हें योग्यच होतें, असें ते म्हणतात. असेल, पण 'योग्य' हा शब्द बाहेर राहिलेल्यांचें समाधान करीत नाहीं. माझ्या मामांना एकच बहीण होती आणि एकच बैलजोडी. ईश्वराची अडचण तशी नसावी. त्या विद्यार्थिनीला मीं हें विचारलें. ती आतां वसईलाच एका शाळेंत शिकविते. ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "सर, हें मलाहि कळत नाहीं. पण आजी नोव्हेनाला जायची तेव्हां ती हें विचारायला जात नसे."

गेल्या डिसेंबरांत पणजीहून परत आल्यावर मीं त्या जुन्या सोबत्याला पत्र लिहिलें. तो आतां तालुक्याच्या गांवीं शिकवण्या करतो. अहवालांतलें तें वाक्य माझें होतें, तें समितीचें नव्हतें, आणि तें खोटें होतें, असें मीं त्यांत लिहिलें. मामांच्या वहींतील नोंदहि जशीच्या तशी उतरून पाठविली. तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. मुलीला बँकेंत नोकरी लागली, बायकोची प्रकृति आतां ठीक आहे, त्या बाजूला आलास तर जेवायला ये, असें त्यांत आहे. चौकशीचा उल्लेख नाहीं. शेवटीं एक ओळ मागाहून बारीक अक्षरांत घातलेली दिसते. मामांनीं बैलजोडी विकली त्या वर्षीं त्यांची नांगरणी कोणीं केली, असें त्यानें विचारलें आहे. मला तें ठाऊक नव्हतें. मामेभावाला विचारलें, त्यालाहि सांगतां आलें नाहीं.